वीस मार्चपर्यंत

“बाबा, तुमचा तो अमेरिकेचा जुना व्हिसा अजून चालतो का, बघाल?” अक्षयाने फोनवर विचारलं, आणि मी म्हटलं, “बघतो.” सकाळचे सव्वासात झाले होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत मी गुडगावातल्या चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत उभा होतो. ‘बघतो’ हा शब्द पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप निघतो. तो होकार नसतो आणि नकारही नसतो. समोरचा माणूस तेवढ्यावर उठून जातो आणि आपल्याला चहा प्यायला मोकळीक मिळते. पण अक्षया उठून गेली नाही. तिने बाकीचं सांगितलं, अगदी सहज, भाजीवाल्याकडे काय काय मिळालं ते सांगावं तसं. डाव्या स्तनात गाठ आहे. अठरा मार्चला ऑपरेशन. लवकर सापडली, काळजीचं नाही असं डॉक्टर म्हणतात. दोन-तीन आठवडे तिला हात उचलता येणार नाही. नवऱ्यापासून ती चार वर्षांपूर्वी वेगळी झाली, त्यामुळे घरात ती आणि नऊ वर्षांचा ऋग्वेद, एवढीच माणसं. “मैत्रिणी आहेत, डबे देतील, सगळं करतील. पण घरात कोणीतरी आपलं हवं, बाबा. तो शाळेतून आला की दार उघडायला.” मी पुन्हा म्हटलं, “बघतो.” ती म्हणाली, “माझ्या सकाळी फोन करते. तुमचे संध्याकाळचे सात वाजलेले असतील. तोपर्यंत बघून ठेवा हं, नक्की.” फोन ठेवल्यावर पाहिलं तर चहावर साय धरली होती.

आत अविनाश बुटाची नाडी बांधत होता आणि सूनबाई, म्हणजे कल्पना, लॅपटॉपची बॅग खांद्यावर टाकून लिफ्टची वाट बघायच्या तयारीत होती. मी सांगितलं. दोघं एकदम बोलायला लागले. कल्पनाची सुट्टी शिल्लक नाही, अविनाशचा प्रोजेक्ट मार्च-एंडला बंद होतो, हे सगळं खरंच होतं. त्यांना अक्षयाबद्दल वाटत नाही असं मी म्हणणार नाही. अविनाश माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बाबा, तो व्हिसा एक्सपायर झाला असेल यार. दहा वर्षं झाली त्याला. आणि या वयात एकटे तुम्ही एवढा प्रवास... नसेल चालत तर टेन्शन नका घेऊ. बिल्कुल नका. मी समजावतो अक्षयाला.” आणि मला बरं वाटलं. हे लिहून ठेवलंच पाहिजे. लाज वाटायच्या आधी मला बरं वाटलं. मुलीच्या अंगात गाठ आहे हे कळून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि आपला व्हिसा संपलेला असला तर किती छान, असा विचार माझ्या डोक्यात येऊन बसलासुद्धा. कल्पना दारातून म्हणाली, “बाबा, जमलं तर दुपारी रजया उन्हात टाकाल? होळी आलीच आता. आणि रजयांची ती मोठी बॅग बेडच्या आत आहे, संध्याकाळी आम्ही काढतो, तुम्ही नका उचलू.” दार लागलं. लिफ्ट गेली. घरात फ्रिजचा आवाज तेवढा राहिला.

हे घर मला कोणी कोंडून घातलेलं नाही, हे आधीच सांगतो. माझ्याकडे किल्ली आहे. खाली बाग आहे, बागेत माझ्या वयाची माणसं आहेत, त्यांच्यात दोन पंजाबी आणि एक बंगाली मला ‘टेंभेकर साब’ म्हणतात. इंटरकॉमवर सांगितलं की दूध वर येतं, औषध वर येतं, इस्त्रीचे कपडे वर येतात. सगळं वर येतं, त्यामुळे खाली जायचं काही कारण उरत नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात मी तीस वर्षं राहिलो. तिथे सकाळी दूध आणायला गेलं की अर्धं खातं भेटायचं. कुसुम गेल्यावर अविनाशने मला इथे आणलं तेव्हा समोर मोहरीचं शेत होतं, पिवळंजर्द. आता तिथे तीन टॉवर उभे आहेत, चौथ्यावर क्रेन फिरते. मी रोज त्या क्रेनकडे बघतो. तिच्या टोकावरच्या खोक्यात एक माणूस बसलेला असतो. तो दिवसभर उतरत नाही. तो डबा तिथेच खात असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. गावाकडच्या फेऱ्या सोडल्या तर आयुष्यात स्वतःच्या मनाने मी लांबचा प्रवास केलाच नाही. कुसुमला घेऊन कुठे गेलो असेन तर महाराष्ट्र मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंब बघायला. हरलेल्या लढाईची जागा बघून संध्याकाळी परत. त्यातही मी हजेरीची यादी घेऊन बसच्या दाराशी उभा होतो.

दहा वाजेपर्यंत मी रजया उन्हात टाकल्या, पेपर दोनदा वाचला, दाढी केली. मग टाळण्यासारखं काही उरलं नाही म्हणून कपाट उघडलं. माझ्या कपाटात कपडे कमी आणि फाइली जास्त आहेत. गॅस, वीज, मुलांची शिक्षणं, पेन्शन, आणि एक जाड फाइल नुसती ‘कुसुमावती – आजार’ अशी. घरच्या कागदांना मी ऑफिसची शिस्त लावली होती. प्रत्येक कागदाला क्रमांक, आतल्या पानावर यादी, आणि डाव्या कोपऱ्यात भोक पाडून हिरव्या दोऱ्याचा टॅग ओवायचा. भोक पाडायला लाकडी मुठीचं दाभण असतं. आमच्या ऑफिसात त्याला सुआ म्हणत. माझा सुआ निवृत्तीच्या दिवशी मी घरी घेऊन आलो. सरकारची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे. कुसुम म्हणायची, “अहो, तुमच्या हाताला लागलं ते सगळं भोक पाडून ठेवता. एक दिवस मलाही ओवाल टॅगमध्ये.” तिच्या बोलण्यावर पोरं हसायची. मीही हसायचो, आणि हसता हसता पुढच्या कागदाला भोक पाडायचो.

फाइल सापडली. ‘परदेश प्रवास – १९९९.’ माझंच अक्षर, तेव्हाचं, ठाम. गेल्या वर्षी अविनाशने एजंटाकडून माझा नवा पासपोर्ट करवून घेतला, ओळखपत्र म्हणून बरा असतो म्हणून. तेव्हा जुना पासपोर्ट मी टॅगमधून ओढून काढून दिला होता आणि रद्द झाल्याची खूण म्हणून कोपरा कापून तो परत आला तेव्हा न उघडता फाइलीत टाकला होता. आज उघडला. अमेरिकेचा तो रंगीत चिकटवलेला कागद पासपोर्टचं एक अख्खं पान अडवून बसला होता. त्याच्यावर माझा फोटो, एकोणसाठ वर्षांचा, टाय घातलेला, कोणीतरी ओरडल्यासारखा चेहरा. आणि तारीख. वीस मार्च दोन हजार नऊ. मी कॅलेंडरकडे पाहिलं. आज तीन मार्च. चष्मा पुसून पुन्हा वाचली. पुसल्याने तारीख बदलत नाही. अठराला ऑपरेशन, वीसपर्यंत व्हिसा. चौदाला पोहोचलो तरी सहा दिवस हातात. इतकं नेमकं जुळलं होतं की कोणीतरी मुद्दाम करावं. मी पलंगावर बसलो. सुटकेचं दार म्हणून ज्याच्याकडे मी सकाळपासून बघत होतो, ते दार नव्हतंच, भिंत होती. आणि मग मी पान उजेडाकडे धरलं तेव्हा वरच्या कडेला उजेडाचा एक ठिपका दिसला.

भोक मला आठवत नव्हतं असं नाही. ते नेमकं कुठून गेलंय हे मी कधी पाहिलं नव्हतं. कव्हरपासून शेवटच्या पानापर्यंत आरपार, आणि वाटेत व्हिसाच्या वरच्या पट्टीतून, त्या देशाच्या नावातून. माझा जीव भांड्यात पडला. काय माणूस आहे बघा. मी ताबडतोब नीरजला फोन लावला. हा अविनाशच्या ओळखीचा तिकिटांचं काम करणारा, सेक्टरच्या मार्केटात बसतो. तो उत्साहाने म्हणाला, “डेट है ना अंकल जी? बस, तो चलेगा. पुराना पासपोर्ट नये के साथ लेके जाते हैं सब. बस वीज़ा डैमेज नहीं होना चाहिए.” मी विचारलं, “डॅमेज मतलब?” “मतलब फटा, भीगा, छेद-वेद.” “छेद छोटा सा हो तो?” तो हसला. “छेद तो छेद है अंकल जी. एयरलाइन वाला चढ़ने ही नहीं देगा.” मी सुस्कारा टाकला. तो त्याला दुःखाचा वाटला असावा, कारण तो लगेच समजुतीच्या सुरात बोलायला लागला. “टेन्शन मत लो. फ्रेश अप्लाय कर दो. बेटी के डॉक्टर से लेटर मंगवा लो, इमरजेंसी में डेट जल्दी मिल जाती है. चार-पांच दिन में काम हो जाएगा. बस इंटरव्यू देना पड़ेगा, और क्या.” मी त्याचे आभार मानले. बस इंटरव्यू देना पड़ेगा, और क्या.

दहा वर्षांपूर्वीच्या त्या मुलाखतीबद्दल मी कोणाशी बोललेलो नाही. कुसुमच बोलायची, सगळ्यांशी. अक्षयाला दिवस गेले होते, मे महिन्यात बाळंतपण होतं, आणि आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जाणार होतो. चाणक्यपुरीत वकिलातीसमोर सकाळी पाचपासून रांगेत उभे होतो, कुसुमने पर्समध्ये दशम्या आणल्या होत्या. काचेपलीकडे अक्षयाच्याच वयाची एक गोरी मुलगी होती. तिने मला साधंच विचारलं, कशासाठी जाताय. मी इंग्रजीत मसुदे लिहून आयुष्य काढलेलं. मंत्र्यांच्या सहीने माझी इंग्रजी वाक्यं संसदेत गेलेली आहेत, स्वल्पविरामासकट. पण त्या काचेसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. घसा कोरडा पडला. मी ‘विथ रेफरन्स टू’ इतकं म्हणालो आणि थांबलो. पुन्हा म्हणालो, ‘विथ रेफरन्स टू.’ मागे रांगेत कोणीतरी खोकलं. ती मुलगी वाट बघत होती आणि माझ्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. तेव्हा कुसुम, मॅट्रिक झालेली कुसुम, माझ्या बाजूने पुढे वाकली, पोटावरून हात गोल फिरवला आणि म्हणाली, “डॉटर. बेबी.” आणि हसली. ती मुलगीही हसली. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली, आणि आमचे पासपोर्ट तिने आत ओढून घेतले. बाहेर आल्यावर कुसुम म्हणाली, “एवढंच तर विचारत होती बिचारी.” घरी येऊन तिने शेजारी सांगितलं, मंडळात सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं, हात गोल फिरवून, अगदी साग्रसंगीत. सगळ्या हसल्या. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

सरकारी नोकराला देश सोडायचा तर खात्याची परवानगी लागते. माझ्या सेक्शनमध्ये अशा परवानग्यांची कामं माझ्याकडेच यायची. इतरांच्या फाइली मी एक दिवस अडवून ठेवल्या नाहीत. गुणवंत टेंभेकराच्या टेबलावर कागद रात्र काढत नाही, असं लोक म्हणायचे. आणि खरं काय ते मी आज या पलंगावर बसून सांगतो. माझी स्वतःची परवानगी विमानाच्या आधी आठ दिवस, सत्तावीस एप्रिलला, मंजूर होऊन माझ्या टेबलावर आली. मी तिच्यावर आवक शिक्का मारला, आद्याक्षरं टाकली. मग तो कागद डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. कुसुमने दारातच विचारलं, “आली का हो?” आणि मी चप्पल काढता काढता म्हणालो, “नाही अजून.” ठरवून नाही म्हणालो. विचार करून खोटं बोलायला निदान धीर तरी लागतो. मी नुसतं ‘नाही’ म्हटलं, आणि म्हणताच छातीवरचं ओझं उतरलं. सहा महिने दुसऱ्याच्या घरात, स्वतःची खुर्ची नाही, स्वतःचं टेबल नाही, दुकानात जायचं तर कुसुमच्या मागे मागे, आणि तिने हात फिरवून लोकांना हसवायचं. त्यापेक्षा हे बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नाही’. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ती म्हणाली, “मी एकटी जाऊ का? माझ्याकडे तर व्हिसा आहे.” मी म्हणालो, “एकटी कशी जाशील?” वास्तविक जाऊ शकणारी आमच्यात ती एकटीच होती. त्या संध्याकाळी मी दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवले, खाली तो परवानगीचा कागद घातला, आणि सुआ घेऊन एका दमात आरपार भोक पाडलं. टॅग ओवला, गाठ मारली. कोणी म्हणेल सवयीने पाडलं. मीही दहा वर्षं तसंच म्हणत आलो. पण सवयीने पाडलेल्या भोकाला इतका जोर लागत नाही. मुठीवर तळवा ठेवून मी अंगाचा भार टाकला होता, हे माझ्या तळव्याला अजून आठवतं. ऋग्वेद सोळा मेला झाला. आम्ही फोनवर त्याचं रडणं ऐकलं. दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, कुसुम गेली. तिने नातवाला पाहिलं ते फोटोतच.

मला तो कागद बघावासा वाटला. का ते सांगता येणार नाही. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते, तसं झालं असेल. फाइल उघडली, आतली यादी पाहिली. क्रमांक एक ते सात, सातव्यापुढे माझ्याच हाताने लिहिलेलं: खात्याची परवानगी. पानं उलटली. एक, दोन, पाच, सहा. सात नव्हता. पुन्हा उलटली. आणि तेव्हाच लक्षात आलं की तीन क्रमांक माझा पासपोर्ट, तो बाहेर होता; पण चार, कुसुमचा पासपोर्टही नाही. गेल्या वर्षी माझा पासपोर्ट ओढून काढताना तो खाली असेल असं मी धरून चाललो होतो, पाहिला नव्हता. मी कपाट रिकामं केलं. ‘कुसुमावती – आजार’ मधले सगळे रिपोर्ट चाळले. गॅसच्या फाइलीतसुद्धा शोधलं. माझी पाचावर धारण बसली. माझ्या फाइलीतला कागद हरवत नाही. माझ्या फाइलीतला कागद कोणीतरी काढावा लागतो, त्यासाठी गाठ सोडावी लागते, आणि गाठ पुन्हा मारावी लागते. मी टॅगची मागच्या टोकाची गाठ पाहिली, जी गेल्या वर्षी पासपोर्ट काढताना मी सोडलीच नव्हती. मी गाठ मारतो ती सरळ, दोन पदरी. ही फुलपाखरी होती, वेणीच्या रिबिनीला मारावी तशी.

ती मोठी बॅग मला तेव्हा आठवली. अमेरिकेसाठी करोल बागेतून घेतलेली, निळी, चाकांची. तेव्हा चाकांचं मोठं अप्रूप होतं. प्रवास झाला नाही, पण बॅग राहिली, आणि दर उन्हाळ्यात तिच्यात रजया जायला लागल्या. मी अविनाशच्या खोलीत गेलो, गादी बाजूला ओढली, पलंगाची फळी उचलली. जड होती. एका हाताने फळी डोक्यावर पेलून मी कमरेपर्यंत आत वाकलो. नाकात धूळ, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि अंधार. बॅग कोपऱ्यात अडकली होती. ओढता ओढता फळी माझ्या पाठीवर आली आणि तशीच राहिली. मला वर येता येईना, बॅग सोडवतही नव्हती. हाक मारावी तर घरात कोणी नाही, आणि कोणी असतं तरी काय सांगणार होतो? मी तसाच थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर क्रेनचा भोंगा वाजला. त्या अंधारात मला रडू आलं, अगदी लहान मुलासारखं, नाक वाहेपर्यंत. मग मी पाठीने फळी रेटली आणि बॅग घेऊन बाहेर आलो. कोपर सोललं होतं.

बॅगेच्या आत झाकणाला चुण्यांचा कापडी कप्पा असतो. रजया ठेवणाऱ्यांनी त्यात कधी हात घातला नव्हता. मी घातला. पासपोर्ट होता, आणि पासपोर्टात घडी घातलेला कागद क्रमांक सात. माझा आवक शिक्का, २७ एप्रिल, माझी आद्याक्षरं. म्हणजे तिला कळलं होतं. कधी? बाळ व्हायच्या आधी की नंतर? कळूनही ती त्याच घरात, त्याच माणसाला, दोन वर्षं सकाळचा चहा देत राहिली. ‘आजार’ची फाइल मी तिच्या उशाशी बसून लावत होतो तेव्हा ती टक लावून माझ्या हाताकडे बघायची. मला वाटायचं, तिला दुखतंय. मी तिचा व्हिसा उघडला. वीस मार्च, माझ्यासारखाच. फोटोत ती हसत होती. फोटोत हसू नका असं सांगूनही हसली होती. वरच्या पट्टीत, माझ्या भोकाच्या जागी, तिने टिकली लावली होती. मखमली, लाल, ती रोज लावायची त्यातली. मागच्या बाजूनेही एक. भोक अगदी बेमालूम बुजलं होतं. तिला वाटलं असेल, एवढ्याने चालेल. मी ती टिकली बोटाने चाचपली. डिंक धरून होता.

पाचला अविनाशचा फोन आला. “बघितलात का बाबा? एक्सपायर ना? मी अक्षयाला मेसेज टाकून देतो, चलो, विषय संपला.” त्याच्या आवाजात फसवाफसवी नव्हती. तो मला सोडवत होता. एक ‘हो’ म्हटलं असतं तर झालं असतं. पासपोर्ट कपाटात, कपाट बंद, कोणी बघायला येणार नव्हतं. अविनाश माझाच मुलगा, कागद नाही म्हटलं की त्याचं समाधान होतं. मी म्हणालो, “थांब. काही पाठवू नकोस. मी बोलतो तिच्याशी.” तो म्हणाला, “आर यू शुअर?” मी फोन ठेवला. मग दोन तास खुर्चीत बसून राहिलो. रजया वाळून कडक झाल्या होत्या, त्या आत आणायचं सुचलं नाही. मी वाक्य जुळवत होतो. ‘उपरोक्त विषयासंदर्भात.’ नेहमीच्या सुरुवाती सगळ्या आठवत होत्या. त्यांच्यापुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

सातला फोन वाजला. मागे ऋग्वेदच्या न्याहारीचा चमचा वाटीवर वाजत होता.

“बघितलंत, बाबा? चालतो?”

“तारीख आहे. वीस मार्चपर्यंत. पण त्याला भोक आहे.”

“कसलं भोक?”

“मी पाडलेलं. टॅग लावायला.” आणि मग थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून मी न थांबता बोललो. “अक्षया, तेव्हा परवानगी आली होती. ऋग्वेदच्या वेळी. विमानाच्या आधी आठ दिवस. मी सांगितलं नाही. तुझ्या आईला सांगितलं नाही.”

चमचा थांबला. ती त्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाली, आणि एक दार लागल्याचा आवाज आला.

“मला माहीत आहे, बाबा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आईने बारशाच्या दिवशी फोन केला होता, तुम्ही ऑफिसात असताना. कागद सापडला म्हणाली. मी खूप रडले. तुम्हाला काय वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, ‘त्यांना बोलू नकोस. ते घाबरले होते गं. आपल्याला कळलंय हे त्यांना कळलं तर ते कधीच यायचे नाहीत.’”

पस्तीस वर्षं मला सगळे कडक म्हणत. कडक, शिस्तीचा, नियमावर बोट ठेवणारा. घरातल्या एका बाईला मात्र पहिल्यापासून नीट कळलेलं होतं, आणि तिने ते झाकून ठेवलं होतं.

“मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?” मी म्हणालो.

“विचारणार होते. दर वर्षी. वाटायचं, तुम्ही पुन्हा एखादा कागद दाखवाल.” तिने नाक ओढलं. “या वेळी मला खरंच गरज आहे, बाबा. मला भीती वाटतेय.”

बाहेर क्रेन थांबली होती. साइटच्या दिव्यांच्या उजेडात खोक्यातला माणूस शिडीवरून उतरत होता, एक एक पायरी, पाठ बाहेर करून. इतक्या वर्षांत त्याला उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“मलाही वाटते,” मी म्हणालो. “नवा व्हिसा काढावा लागेल. डॉक्टरचं पत्र पाठव, आजच. मुलाखत देतो.”

“द्याल?”

कुसुमचा पासपोर्ट समोर उघडा होता. समोर काच आहे असं धरून मी खुर्चीत ताठ बसलो. घसा तसाच कोरडा पडला, मानेवर तोच घाम आला.

“डॉटर,” मी म्हणालो. मग बराच वेळ गेला. ती थांबून राहिली. “ऑपरेशन.”

“बस,” अक्षया म्हणाली. “एवढंच विचारतात, बाबा.”